शेवटचं रीळ कोणतं?

आमच्या सासूबाईंच्या पहिल्या सिनेमात होडी शेवटी परत येते की येत नाही, हे ठरवायची पाळी माझ्यावर आली. माझ्यावरच का, तर घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी बँकेत काउंटरवर बसून निवृत्त झालेली बाई. सिनेमातलं मला एवढंच कळतं की मध्यंतरात बटाटेवडे लवकर संपतात. आणि ज्यांनी तो सिनेमा काढला, त्या सासूबाई एक दिवस म्हणायच्या होडी येते, दुसऱ्या दिवशी म्हणायच्या छे, कुठली येतेय. जुने सिनेमे जपणाऱ्या मुंबईच्या संस्थेतली मुलगी अधूनमधून फोन करून विचारायची, "मॅम, फायनल काय धरू?" मॅम म्हणजे मी. मी म्हणायची, "थांब गं, अजून विचारतेय."

नीट सांगायचं तर सासूबाईंपासूनच सुरुवात करायला हवी.

त्या माहेरच्या गिरगावातल्या. शिक्षण झाल्यावर एका स्टुडिओत फिल्म चिकटवायच्या कामाला लागल्या, कारण या कामाला बायकांची बोटं बरी, असं तिथल्या कोणा साहेबाला वाटलं होतं. चिकटवता चिकटवता सिनेमा कसा जोडतात ते त्या शिकल्या, आणि मग तो कसा चुकीचा जोडतात हेही त्यांना दिसायला लागलं. ते बोलून दाखवल्यामुळे दोन ठिकाणची कामं गेली. त्या काळी सिनेमात जाणारी मुलगी म्हणजे पडद्यावर नाचणारी, नाहीतर पडद्यामागे वेणी घालून देणारी. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून पुरुषांना "थांबा, पुन्हा" म्हणणारी बाई आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती.

लग्न झालं निर्मळच्या वाडीवाल्याशी. माझे सासरे केळी आणि फुलं पिकवणारे. सिनेमाचा त्यांना गंध नव्हता, पण बायकोच्या अकलेवर विश्वास होता, आणि तो त्यांनी कधी बोलून न दाखवता टेम्पो देऊन दाखवला. सिनेमाचं शूटिंग अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात चाललं तेव्हा पहाटे केळी उतरवून आलेल्या त्याच टेम्पोतून कॅमेरा किनाऱ्यावर जायचा. कॅमेऱ्याला केळीचा वास येतो म्हणून कॅमेरामन कुरकुरायचा. सासूबाई त्याला म्हणाल्या, अजून तासाभराने मासळीचा येईल, मग हा आठवेल.

सेटवर वेगळाच तमाशा. सासूबाईंनी काही सांगितलं की लाइटवाले आधी कॅमेरामनच्या तोंडाकडे बघायचे, तो मान हलवतो का पाहायचे आणि मगच हलायचे. त्यावर भांडून उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं. कॅमेरामनला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं की मी बोलले की तू आकाशाकडे बघायचं, ढग मोजायचे. दोन दिवसांत लाइटवाल्यांना बाईंच्या तोंडाकडे बघण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. ही गोष्ट त्या मला इतक्यांदा सांगायच्या की मीही कंटाळून आकाशाकडे बघायला लागायची.

त्यांची शाबासकी फार कंजूष. कितीही चांगलं काम झालं तरी वा नाही की छान नाही. एखादा टेक पसंत पडला तर एवढंच म्हणायच्या, "हा ठेवू." नाहीतर, "पुन्हा." मला बघायला आल्या तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन आत आले, तर त्यांनी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "मागे खिडकी आहे, तोंड काळं दिसतंय. त्या दारातून ये, पुन्हा." माझे वडील लाल झाले. मी आपली खाली मान घालून परत गेले आणि दुसऱ्या दारातून ट्रे घेऊन आले. "हा ठेवू," सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं ट्रे ठेवायला सांगतायत. लग्न ठरलंय हे मला घरी सगळे गेल्यावर कळलं.

त्या पहिल्या सिनेमानंतर त्यांनी आणखी काही काढले, मग सरकारसाठी माहितीपट केले, केळीवर पडणाऱ्या रोगावर, पाणी उकळून पिण्यावर. पुढे कामं येईनाशी झाली. अलीकडे वर्तमानपत्रवाले त्यांच्या नावामागे अग्रणी वगैरे लावतात. त्यावर त्यांचं म्हणणं असं की अग्रणी म्हणजे पुढे कोणी नव्हतं हे खरं, पण मागूनही फार कोणी आलं नाही, त्याचं काय. हे त्या चांगल्या शुद्धीत असतानाचं बोलणं आहे.

शुद्धीचं म्हणाल तर ती माझा नवरा गेल्यानंतर हलली. त्याचा सातिवलीला प्लास्टिकच्या झाकणांचा छोटा कारखाना होता. एका सकाळी नेहमीसारखी स्कूटर काढून, "डब्यात आज काय" असं विचारून तो गेला, आणि दुपारी मशीनपाशीच कोसळला. सासूबाई सगळ्याला होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, आल्यागेल्याला पाणी विचारलं, रडल्या नाहीत. काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी ताटं घेत असताना त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "आला का?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी म्हटलं, "वाटेत आहे. आपण जेवून घेऊ."

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्यांना त्रास होतो. मग रोजचंच झालं. दिवसभर त्या बऱ्यापैकी असायच्या, जास्वंदीला पाणी कमी झालं म्हणून मला बोलायच्या, पण दिवेलागणीला विचारायच्या, "आला का?" मी म्हणायची, "वाटेत आहे." तिसरं ताटही मांडायची, उगीच शंका नको म्हणून. शेजारीण म्हणाली, तुझ्या धीराची कमाल आहे. मला त्यात धीर कसला ते कळलं नाही. खरं सांगायचं तर ते दोन शब्द बोलायला मला बरं वाटायचं.

अशात ती संस्थेतली मुलगी आली. केस बारीक कापलेले, पाठीवर बोजा, वागायला गोड. तिने सांगितलं की सासूबाईंच्या पहिल्या सिनेमाची मूळ फिल्म मुंबईच्या लॅबमधून कधीच गहाळ झाली आहे. जगात एकच प्रत शिल्लक आहे, ती अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात. ती साफ करून, नीट करून जतन करायची आहे, मोठमोठ्या ठिकाणी दाखवायची आहे. मला आनंद झाला. म्हातारीच्या डोळ्यांदेखत होतंय हेच पुष्कळ, असं मी मनात म्हटलं.

त्या प्रतीची कथा मला माहीत होती. सिनेमा थेटरातून लगेच उतरला, पण ज्या गावात काढला त्या गावाने तो पाहायला हवा म्हणून सासूबाईंनी एक प्रत गावाला देऊन टाकली होती. तेव्हापासून कोळीवाड्यात रीतच पडली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे होड्या समुद्रात उतरायच्या आधी, जाळी विणायच्या शेडमध्ये शिडाचं कापड टांगून तो सिनेमा लावायचा. गोष्टीसाठी नव्हे. पडद्यावरची माणसं त्यांचीच, कोणाचा आजा, कोणाची आई, बरीच आता नाहीत. वर्षातून एकदा ती हलताना, हसताना दिसतात. मी नवी सून असताना मलाही नेलं होतं, पुढेही कितीदा गेले, त्यामुळे सिनेमा मला तिथलाच ठाऊक.

गोष्ट साधी आहे. चार डबे, चार रिळं. पहिल्यात कमळी नावाची मुलगी लग्न होऊन कोळीवाड्यात येते. दुसऱ्यात बाजार, भांडणं, नवऱ्याशी जमणं. मग एका रिळात नवऱ्याची होडी वादळात सापडते, बायका किनाऱ्यावर वाट बघतात, होडी येत नाही, ती बांगड्या फोडते आणि दुसऱ्याच्या होडीवरची मासळी पाटीत घेऊन बाजाराला निघते. आणि एका रिळात होड्या भरून परत येतात, नवरा उतरतो, वाजतगाजत सण होतो. मी पाहिलं ते असंच, याच क्रमाने. ती आशा सोडते आणि मग तो येतो. पोरं शिट्ट्या मारतात, सगळे घरी जातात.

मुलीने लॅपटॉप उघडला आणि एक चित्र थांबवून मला दाखवलं. "मॅम, इथे कंटिन्युइटीचा लोचा आहे. बांगड्या बघा." मी बघितलं. वाट बघण्याच्या रिळाच्या शेवटी बाईचे हात भुंडे. पुढच्या, होडी येण्याच्या रिळात सुरुवातीपासूनच हात हिरव्यागार बांगड्यांनी भरलेले, नवरा अजून किनाऱ्याला लागायचाय तेव्हापासून. इतकी वर्षं बघून मला ते कधी दिसलं नव्हतं. मुलगी म्हणाली, मला वाटतं ही शेवटची दोन रिळं उलटसुलट लागलीयेत. होडी येते ते तिसरं आणि येत नाही ते चौथं. म्हणजे सिनेमाचा शेवट वेगळाच आहे.

डब्यांवर आकडे होते, पण ते होडीला देतात त्या निळ्या रंगाने वरून रंगवलेले, खालचं काही वाचता येईना. फिल्मच्या सुरुवातीला खुणेचे तुकडे असतात म्हणे, ते वर्षानुवर्षं प्रोजेक्टरमध्ये घालून घालून फाटून गेलेले. सासूबाई पटकथा डोक्यात ठेवायच्या, त्यामुळे कागद नाही. कॅमेरामन वारलेला. तेव्हाचं एक कात्रण मिळालं, त्यात समीक्षकाने लिहिलं होतं की शेवट मनाला भिडतो. आता हे होडी आली तरी लिहिता येतं आणि नाही आली तरी. समीक्षकांचा मला तेव्हापासून राग आहे.

मी रिक्षा करून अर्नाळ्याला गेले. तिथे सिनेमा लावणारा म्हातारा आणि त्याची मासळी विकणारी बहीण राहतात. दोघं लहानपणी शूटिंगच्या गर्दीत होती, त्याचा त्यांना अजून अभिमान. मी बांगड्यांचं विचारलं. बहीण म्हणाली, त्यात काय, नवरा येनार म्हनून कळलं, तिनं नवा चुडा भरला. मी म्हटलं, अहो पण अजून कळलंच नाहीये. ती म्हणाली, बाईला कळतं.

मग मी सरळच विचारलं, डबे कोणी बदलले? भाऊ म्हणाला, आमच्या बापानं. पहिल्या वर्षी सरळ लावला होता, तर बायकांनी दुसऱ्या दिवशी पुरुषांना जाऊ दिलं नाही, पूजाच अडली. मग बाप म्हणाला, उद्याला पान्यात जायचं आनि आज ते बघायचं, हे नको. त्याने डबे फिरवले. बहीण उसळली. म्हणाली, बापाला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे काय रंगवनार? सिनेमावाल्या बाईनंच येऊन सांगितलं. भाऊ म्हणाला, तुला काय माहीत, तू शेंबडी होतीस. माझ्या चहाचा कप तसाच ठेवून दोघं भांडत बसली. शेवटी मला सुक्या बोंबलांची पिशवी देऊन त्यांनी वाटेला लावलं. आले तेव्हा मला एक प्रश्न होता, निघाले तेव्हा दोन.

घरी सासूबाईंना विचारलं. त्या अंगणात मोगऱ्याची सुकलेली पानं काढत होत्या. म्हणाल्या, "येते ना होडी. न येऊन कुठे जाईल?" मी मुलीला फोन केला, येते. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "ती कमळी वाट बघते तिथे मी कॅमेरा खाली वाळूत पुरला होता. तो शेवट आहे." मी मुलीला फोन केला, येत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, कुठला सिनेमा?

इकडे आड तिकडे विहीर. होडी येते म्हणावं तर सिनेमा गोडगोड होतो, मुलीच्या शब्दांत सांगायचं तर फारच सेफ. ती म्हणत होती की तेव्हा एका बाईने पहिल्याच सिनेमात असा कडक शेवट करणं हीच तर मोठी गोष्ट आहे, तो शेवट गेला तर सासूबाईंचं अर्धं काम गेलं. नाही येत म्हणावं आणि सासूबाईंच्या मनात ते नसलं तर? त्यांच्या मागे राहणार काय, तर हा एक सिनेमा. तो त्यांच्या मनासारखा राहिला पाहिजे. चुकीचा जोडलेला सिनेमा बघून ज्यांनी नोकऱ्या घालवल्या, त्यांचाच सिनेमा मी चुकीचा जोडायचा? या विचाराने माझी झोप उडाली.

आणि माझं मत विचाराल तर मला होडी यायला हवी होती. ते मी मुलीला बोलले नाही. सासूबाईंना विचारताना मात्र मी प्रश्नच असा विचारायची, "आई, शेवटी होडी येते ना?" मुलगी एकदा म्हणाली, मॅम, असं विचारलं तर कोणीही हो म्हणेल. मला तिचा राग आला. केस बारीक कापले म्हणजे अक्कल येत नाही, असंही मनात आलं, आणि ती बरोबर आहे हेही कळलं.

तिने एकदा घरी टीव्हीला जोडून दोन्ही क्रम दाखवले. आधी गावचा. सासूबाई शांतपणे बघत बसल्या, मध्ये एकदा म्हणाल्या, ही साडी माझी आहे, परत मिळाली नाही. संपल्यावर मान हलवली. आठवड्याने दुसरा क्रम दाखवला. तोही त्यांनी तसाच बघितला. शेवटी भुंड्या हातांची बाई पाटी घेऊन पाठमोरी चालत जाते आणि अंधार होतो, तिथे मी उठून आत गेले. भांडी घासायची होती असं नाही. बाहेर आले तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "आई, यातलं कोणतं?" त्या म्हणाल्या, "होडी येते." लगेच, विचार न करता.

मी मुलीला म्हटलं, झालं, धर फायनल. तिने कागद काढून पुढे केला, त्यावर सासूबाईंची सही हवी होती. सासूबाईंनी पेन हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन तसंच खाली ठेवून म्हणाल्या, नंतर. आता हे काय, मला काही समजेना.

तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली. संस्थेने ठरवलं होतं की साफ केलेला सिनेमा आधी गावाला दाखवायचा, त्यांनीच तो जपला म्हणून. मुलीने छोटा नवा प्रोजेक्टर आणला होता. शिडाचं कापड तेच. सासूबाईंना आम्ही रिक्षाने नेलं, पुढे खुर्चीवर बसवलं. कोळीवाड्यातल्या बायका येऊन त्यांच्या पाया पडत होत्या. त्या म्हातारीला, मासळीवालीला, त्यांनी बरोबर ओळखलं आणि म्हणाल्या, तू फ्रेममध्ये सारखी कॅमेऱ्याकडे बघायचीस.

सिनेमा गावच्या क्रमानेच लावला. दुसरा लावू, असं मुलगी हळूच म्हणाली होती, पण भावाने एवढंच सांगितलं की उद्या होड्या जायच्यात. तिने वाद घातला नाही. पडदा उजळला आणि शेडमध्ये कुजबुज सुरू झाली, तो बघ आजा, ती बघ आत्या, किती बारीक होती. वाट बघण्याचं रीळ लागलं तेव्हा सगळं शांत झालं. मग होड्या आल्या, बाईचा नवरा पाण्यात उडी मारून किनाऱ्याला लागला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी बाजूला बघितलं. सासूबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. खुर्ची वळवून मागे बसलेल्या माणसांची तोंडं बघत होत्या, एकेक करून.

दिवे लागल्यावर मुलगी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. तिने या वेळी नीट विचारलं, शेवटी 'ना' न लावता. "मॅम, तुमच्या सिनेमाचा शेवट कोणता?"

"यांना हाच," सासूबाई म्हणाल्या. "यांना उद्या पाण्यात जायचंय. आकडे मीच रंगवले होते. ब्रश हिच्या बापाचा." त्यांनी मासळीवालीकडे बोट दाखवलं. बहिणीने भावाकडे असं काही बघितलं की तो उठून प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागला.

"आणि मूळ?" मुलीने विचारलं.

"मूळ सरळ आहे. होडी येत नाही. बाहेर तोच दाखवा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, परवा तर तुम्ही म्हणालात येते."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुझं तोंड बघून म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुला रोज उठून जगायचंय. मला उद्या कुठे जायचंय? मला सरळच दाखवा."

मुलीने कागद पुढे केला. सासूबाईंनी सही केली, अक्षर थोडं हललं पण पूर्ण आलं.

परतताना रिक्षात आगाशी गेली, नंदाखालच्या नारळीच्या वाड्या गेल्या, आणि मी त्या एका वाक्यात अडकून बसले होते. त्या सिनेमाचंच बोलत होत्या की आणखी कशाचं? माझं तोंड बघून त्या आणखी काय काय म्हणत आल्या असतील? रोज दिवेलागणीला तो प्रश्न त्या विचारायच्या, तो विसरून विचारायच्या, की मला उत्तर द्यायला बरं वाटतं हे त्यांना दिसलं होतं म्हणून? मी त्यांना सांभाळतेय असं सगळं गाव म्हणत होतं, मीही म्हणत होते. मी वळून त्यांच्याकडे बघितलं तर त्या रिक्षाच्या कडीला धरून झोपल्या होत्या. विचारावं तरी कोणाला?

घरी आलो. मी भात लावला, बोंबलाचं कालवण गरम केलं. ताटं घेताना हात थांबला. तरी सवयीने तीन घेतली. त्या आज विचारणार नाहीत असं मला वाटत होतं, आणि विचारलं नाही तर मी काय करू हेही कळत नव्हतं.

त्या हात धुऊन आल्या, पाटावर बसल्या, दाराकडे बघितलं. "आला का?"

जसं रोज विचारतात तसंच. आवाजात काही फरक नाही. म्हणजे मघाशी बोललेलं त्या विसरल्या होत्या का? की त्या मला दुसऱ्या दारातून पुन्हा यायला सांगत होत्या? मला आजही ठाऊक नाही. वाटेत आहे, हे शब्द तोंडात तयार होते. ते गिळायलाच मला फार वेळ लागला.

"नाही, आई," मी म्हटलं. "तो आता येणार नाही."

तो गेल्यापासून हे वाक्य मी कोणापाशी मोठ्याने बोलले नव्हते. बोलले आणि मला हुंदका आला, पदर तोंडात धरूनही थांबेना. शूटिंगच्या वेळी कॅमेरा चालू असताना सासूबाई जशा थांबत असतील तशा थांबून राहिल्या, माझं रडणं संपेपर्यंत. मी डोळे पुसले आणि त्या "पुन्हा" म्हणतील म्हणून वाट बघत बसले.

त्यांनी तिसरं ताट उचलून माझ्या बाजूला सरकवलं, मांडणीवर ठेवायला.

"हा ठेवू," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात भात वाढला.